मोजले की पाच

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल त्याने इथेच थांबावं, पण खाली येऊन "आजोबा, वारा असेल" असं लिहू नये. वारा असेल, पत्रा तापला असेल, भास झाला असेल... हे सगळं मी जवळजवळ सत्तर वर्षं ऐकतोय. मला त्याचा वीट आलाय.

माझं नाव दत्ताराम. नव्वदी ओलांडली. मी बोलतोय आणि नात मोबाईलवर लिहितेय. या पानावर लोक खऱ्या घटना सांगतात असं ती म्हणाली, म्हणून तयार झालो.

आधीच सांगतो, ही गोष्ट रात्रीची नाही. अमावास्या नव्हती, पाऊस नव्हता.

रविवार, १५ जानेवारी १९५६. संक्रांतीचा दुसरा दिवस. भर दुपार आणि लख्ख ऊन.

जागा म्हणजे मुंबईच्या बंदरासमोरचं एक बेट. नाव मुद्दाम देत नाही. दिसायला सुंदर. मधोमध डोंगर, खाली करवंदीची जाळी, वर गेलं की चारी बाजूंना समुद्र. माथ्यावर जुन्या काळची एक दगडी चौकी होती. भिंती शाबूत, छप्पर गेलेलं. लालबागला आमचं डोंगर चढणाऱ्यांचं एक छोटं मंडळ होतं. त्या चौकीवर पत्रे घालायचे आणि फिरायला येणाऱ्यांसाठी निवारा करायचा, असं आम्ही ठरवलं होतं.

ठरवणं सोपं होतं. परवानगीला अकरा महिने लागले. या कचेरीतून त्या कचेरीत. साहेब रजेवर, कागद सापडत नाही, सही राहिली. मी कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कारकून होतो. अर्धा दिवस बुडवून खेटे घालायचो आणि हात हलवत परत यायचो. शेवटी कागद मिळाला, तर पत्रे मिळेनात. पत्रे मिळाले, तर ते डोंगरावर चढवायला माणसं मिळेनात. तेही झालं. आता एका दिवसात छप्पर घालायचं एवढंच राहिलं होतं.

पाच जण जाणार होतो.

सेक्रेटरी मनमोहन. गिरगावातला, शिकलेला, पांढरी पॅन्ट घालून डोंगर चढणारा. कुशाबा, परळचा गवंडी, आमच्यात वयाने मोठा. शिवा, वरळी कोळीवाड्यातला, हाताने नारळ सोलणारा गडी. मी.

आणि माझा धाकटा भाऊ जयवंत.

जयवंत वीस वर्षांचा. गिरणीत फिटरच्या हाताखाली काम शिकत होता. पत्र्याला हूक कसा बसवायचा, वाशाला भोक कुठे पाडायचं, हे आमच्यात त्यालाच नीट यायचं. भोकं पाडायचं गिरमिटही त्याचंच.

आणि शनिवारी रात्री हा म्हणतो, "दादा, मी येत नाय. उद्या परळला सभा आहे."

त्या दिवसांत सगळ्या गिरणगावाच्या डोक्यात एकच गोष्ट होती. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही. मलाही ती हवीच होती. पण अकरा महिने झिजून मी हा एक दिवस मिळवला होता. माझं डोकं फिरलं.

"सभेत तुझ्यावाचून अडलंय काय?" मी ओरडलो.

"आणि डोंगरावर अडलंय?"

"अडलंय! गिरमिट कोण चालवणार?"

त्याने तोंड फिरवलं आणि झोपला. घोडपदेवची आमची खोली दहा बाय बाराची. भांडून लांब जायलाही जागा नाही. त्याच्या पाठीला पाठ लावून मी रात्रभर जळफळत पडलो.

सकाळी त्याला उठवलंही नाही. निघालो.

भाऊच्या धक्क्यावरून सातची होडी. साडेनऊला आम्ही चौकीवर. चौघं.

आता नीट ऐका. चूक इथे झाली.

आम्ही मूळचे मालवणकडचे. नव्या जागी छप्पर घालायचं तर आधी त्या जागेच्या राखणदाराला नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे मोठ्याने सांगणं. आम्ही कोण, किती जण आलो, कशाला आलो, आमचा सांभाळ कर. मागच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आईने, रमाबाईने, माझ्याकडून ते आठ दिवस घोकून घेतलं होतं. "माणसांचो आकडो बरोबर सांग हां," असं चारदा बजावलं होतं. जेवढे सांगशील तेवढ्यांना तो सांभाळतो.

मी नारळ ठेवला. हात जोडले. डोक्यात राग अजून होताच. तोंडातून पाठ केलेलं बाहेर पडलं...

"बा म्हाराजा, ह्या डोंगराच्या राखणदारा! आज ही पाच लेकरां तुझ्या आसऱ्याक इली हत. काय चुकला-माकला तर पदरात घे. जशी पाच जणां इली हत, तशी पाचय जणां घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कुशाबा आणि शिवा म्हणाले.

मनमोहन घड्याळ बघत होता.

कोणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी नारळ फोडला, खोबरं वाटलं, ते सगळ्यांनी खाल्लं आणि कामाला लागलो.

काम कसलं, नुसता वैताग. गिरमिट नाही म्हणून कुशाबा जाड खिळा तापवून वाशांना भोकं पाडत होता. एका भोकाला पंधरा मिनिटं. मी जयवंतला मनातल्या मनात शिव्या देत होतो.

अकराला चहासाठी थांबलो. चौघंही खाली, चुलीभोवती.

आणि वर...

टक. टक. ठण्ण.

छपराच्या पलीकडच्या उतरणीवर कोणीतरी पत्रा ठोकत होतं.

कुशाबाने मान वर केली. "आरं, कोन ठोकतंय?"

पुन्हा तेच. दोन हलके, एक जोरात. मी कप खाली ठेवला. जयवंत असाच ठोकतो. दोनदा अंदाज घेतो, तिसरा घाव बसवतो.

मी धावत मागे गेलो.

कोणी नव्हतं.

"प्रतिध्वनी," मनमोहन म्हणाला.

"आपण कोणीच ठोकत नव्हतो. कसला प्रतिध्वनी?"

"मग दुसऱ्या बाजूला कोणी लाकूडतोड्या असेल. दत्ताराम, आपल्याला अजून सहा पत्रे घालायचे आहेत." त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं.

बारा वाजले. एक वाजला. सहापैकी चार पत्रे झाले, दोन उरले. शिवाने पानं मांडली. केळीची पानं, घरून आणलेल्या भाकऱ्या, वांग्याचं भरीत. बसायला गेलो आणि माझं लक्ष पानांकडे गेलं...

पाच पानं.

"शिवा, पाच का मांडलीस?"

"पाचच ना आपण?"

"चार."

शिवाने बोटाने मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. "पाच रे. काय मस्करी करतोस?"

मला वाटलं, मस्करी हाच करतोय. मी कुशाबाकडे बघितलं. त्याने भाकरी मोडता मोडता सगळ्यांवरून नजर फिरवली. "पाचच की."

"मनमोहन, तुम्ही मोजा," मी म्हणालो. हा तरी शहाणा, असं मला वाटलं होतं.

मनमोहन वैतागला. त्याने पेन्सिलीच्या टोकाने एकेकाकडे दाखवत मोजलं. पेन्सिल माझ्याकडे वळली, कुशाबाकडे, शिवाकडे, स्वतःच्या छातीकडे...

आणि मग रिकाम्या पानाकडे.

"पाच," तो म्हणाला. "बरोबर. आता जेवू या का?"

त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. तो भरीत वाढून घ्यायला लागला.

मी म्हटलं, "नावं घ्या. एकेकाचं नाव घ्या."

"मनमोहन, कुशाबा, शिवा, दत्ताराम..." शिवा थांबला. भाकरी त्याच्या हातात तशीच राहिली. "दत्ता... पाचवा कोण?"

मोजले की पाच. नावं घेतली की चार.

तेवढ्यात वर पत्र्यावर पाऊल वाजलं.

टण्... टण्... टण्...

या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणीतरी चालत गेलं. प्रत्येक पावलाला पत्रा दबत होता. खालून आम्हाला दबताना दिसत होता. कडेला जाऊन ते पाऊल थांबलं. धक्क्याच्या बाजूची कड.

"ऊन," मनमोहन म्हणाला. "ऊन लागलं की पत्रा फुगतो."

मी बाहेर पळालो आणि वर बघितलं. छप्पर रिकामं. फक्त ऊन.

तेव्हा मला सकाळचं गाऱ्हाणं आठवलं. पाच लेकरां. मीच सांगितलं होतं. आम्ही चार आलो आणि मी पाच सांगितले. त्या जागेने माझा आकडा खरा करून दिला होता.

आणि आईने काय शिकवलं होतं? जशी पाच आली तशी पाच घरी पोचव. म्हणजे हा जो कोणी छपरावर होता, तो आमच्याबरोबर होडीत बसणार होता. घोडपदेवच्या दहा बाय बाराच्या खोलीत येणार होता.

मी सांगितलं, चूक मागे घ्यायला हवी. नारळ हवा. नारळ तर आम्ही खाऊन बसलो होतो.

"अहो, दोन पत्रे राहिलेत!" मनमोहनने हात वर केले. "साडेपाचची होडी आहे. तुम्हाला अकरा महिन्यांनंतर हे खूळ आठवतंय?"

"सेक्रेटरी, पेन्सिल त्या पानाकडे तुम्ही दाखवलीत."

कुशाबाने टोपी काढून डोक्यावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "जे करायचं ते लौकर कर बाबा."

पिशवीत संक्रांतीचा तिळगूळ होता. आईने दिलेला. तोच दगडावर ठेवला. पावणेदोन वाजले असतील.

"बा म्हाराजा, माजी चूक झाली. आमी चारच जणां इलंव. पाचवो आमचो न्हय. त्येका हयसून घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," दोघं म्हणाले. यावेळी मनमोहनही पुटपुटला. मी ऐकलं.

छपरावरून काहीतरी उतरल्यासारखा आवाज झाला. मग शांतता. शिवाने मोजलं. चार. मी मोजलं. चार. कुशाबा चक्क हसला आणि बिडी पेटवली.

सुटलो, असं वाटलं मला.

दहा मिनिटं गेली असतील. आणि खालच्या वाटेवरून...

"दादा..."

मी वाटेकडे वळलो.

जयवंतचा आवाज. दम लागलेला.

आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात, अशा जागी हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. तीन वेळा येऊ द्यायची. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं काही असेल तर दोनदाच मारतं.

"दादा, थांब ना रे..."

दुसरी.

शिवाने तोंड उघडलं. तो ओ देणारच होता. मी त्याच्या तोंडावर हात दाबला. घट्ट. त्याचे दात माझ्या तळव्याला लागले.

आम्ही चौघं तिसऱ्या हाकेची वाट बघत उभे राहिलो.

ती आली नाही.

मनमोहनला राहवलं नाही. तो वळणापर्यंत गेला आणि वाकून बघितलं. तिथून खालच्या धक्क्यापर्यंत सगळी वाट दिसते. "कोणी नाही," तो परत येऊन म्हणाला. "एक माणूससुद्धा नाही."

"बघा," मी म्हणालो. मला वाटलं, मी सगळ्यांना वाचवलं.

उरलेले दोन पत्रे तसेच टाकून आम्ही खाली उतरलो. वाटेत कोणी भेटलं नाही. धक्क्यावर कोणी नव्हतं. होडीत चौघं बसलो, चौघं उतरलो. मी तीनदा मोजलं.

घरी पोचलो. आई दारात होती. तिने माझ्या मागे बघितलं.

"जयवंत खंय?"

"मला काय माहीत? सभेला गेला असेल."

"सभेक? तो तुझ्याकडेच गेलो ना रे! अकराक धावत गेलो. म्हटलान, दादा रागावलो हा, जातंय. गिरमिट घेवन गेलो. तुमच्यासाठी पोळी बांधून दिलंय..."

गिरमिट खुंटीवर नव्हतं.

मला वाटलं होडी चुकली असेल, तिथून सभेला गेला असेल. रात्री येईल. आला नाही. सोमवार गेला. सोमवारी रात्री रेडिओवर सांगितलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार, आणि सगळं शहर पेटलं. मोर्चे, दगड, गोळीबार, संचारबंदी. चाळीतून बाहेर पडता येईना. संचारबंदी जरा सैल झाली तेव्हा मी पोलीस चौकीवर गेलो, तर जमादार म्हणाला, "कोणता भाऊ? इथे रोज पन्नास भाऊ शोधायला येतात." इस्पितळांतून फिरलो. चादरी वर करून तोंडं बघितली. कुठेच नाही. धक्क्यावर होड्या बंद. बेटावर जायचं तर कोणी न्यायला तयार नाही.

चाळीने ठरवून टाकलं. जयवंत मोर्च्यात गेला, गोळीबारात गेला.

बारा दिवसांनी होड्या सुरू झाल्या. मी धक्क्यावर उभा होतो. बुधाजी नावाचा एक म्हातारा होडीवाला माझ्याजवळ आला.

"तू त्या गिरमिटवाल्या पोराचा भाऊ ना? तोंडावळा सारखाच आहे. त्या रविवारी मीच सोडला त्याला बेटावर. एक वाजला असेल. भेटला ना तुम्हाला?"

मी त्याचा दंड धरला.

"भेटलाच असेल," तोच पुढे म्हणाला. "उतरल्यावर त्याने वर बघून हात केला. वर छपरावर तुमच्यातला एक जण उभा होता ना, कडेला? त्यानेपण हात केला. मग पोरगा हसत चढणीला लागला."

एक वाजता आम्ही चौघंही छपराखाली पानावर बसलो होतो.

त्याच दिवशी शिवाला घेऊन मी बेटावर गेलो. दोन दिवस जाळी न् जाळी शोधली, कडे उतरलो, घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. चप्पल नाही, पिशवी नाही, गिरमिट नाही. काही नाही.

चौकीचं छप्पर मात्र पुरं झालं होतं. उरलेले दोन पत्रे बसवलेले. वाशांना गिरमिटाची गोल, स्वच्छ भोकं. हूक घट्ट पिळलेले. असं काम आमच्यापैकी कोणाला येत नव्हतं.

शिवा ते बघून मागे सरकला आणि पुन्हा कधी डोंगरावर गेला नाही.

मी मनमोहनला सांगितलं. तो म्हणाला, बुधाजी म्हातारा आहे, वार चुकला असेल. पत्रे कोणी खालच्या गाववाल्याने बसवले असतील. शांतपणे समजावून सांगितलं, जसं कचेरीतले साहेब समजवायचे. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

पण मला छळतं ते वेगळंच. मी सकाळी पाच सांगितले. तेव्हा जयवंत घरी झोपला होता. त्याची जागा दुसऱ्या कोणीतरी भरली. मग एक वाजता खरा जयवंत आला. तोपर्यंत पाच पुरे झाले होते. आणि पावणेदोनला मी हात जोडून म्हणालो, पाचवा आमचा नाही, त्याला घालव.

मी कोणाला घालवलं?

आणि तिसरी हाक का आली नाही? दम लागला होता त्याला. चढणीवर धावत आला होता. तिसरी मारायच्या आधी काय झालं?

एक मे साठला महाराष्ट्र झाला. चाळीत मांडव, रोषणाई, पेढे. स्टेजवर जयवंतचा फोटो, त्याला हार, खाली लिहिलेलं, हुतात्मा. मी तो फोटो काढायला स्टेजवर चढलो. "तो मोर्च्यात गेला नव्हता! तो बेटावर आला होता!" असं ओरडत होतो. चौघांनी मला धरून खाली आणलं. सख्ख्या भावाचा मान बघवत नाही याला, असं लोक म्हणाले. पुढची कित्येक वर्षं मी त्या एका शब्दावरून भांडत राहिलो. शेजाऱ्यांशी, नातेवाइकांशी, मंडळाशी. बुधाजी वारल्यावर तर माझ्या बाजूने बोलायलाही कोणी उरलं नाही.

आईशी मात्र त्यावर कधी बोलणं झालं नाही. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

१९८७ साली ती आजारी पडली. शेवटच्या दिवसांत एका दुपारी मी उशाशी बसलो होतो. तिने माझा हात धरला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं...

"दत्ता, तू देवाक किती जणां सांगितलं होतंस?"

तिला कुठूनतरी कळलं होतं. किंवा तिला पहिल्यापासून माहीत होतं. मला माहीत नाही.

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या अंगावरची गोधडी सारखी केली.

मग तिनेच माझा हात थोपटला. "जयवंत मोर्च्यातच गेलो मा रे?"

एकतीस वर्षं मी ज्या गोष्टीविरुद्ध जगाशी भांडलो होतो, तीच...

"व्हय आये," मी म्हणालो. "मोर्च्यातच गेलो."

"बरा," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.